काढून ठेवलेल्या काचा

तावदानकाकांनी जन्मभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या आणि एका उन्हाळ्यात त्या सगळ्या काढून आणल्या. त्यांच्याबद्दल सांगायचं तर तिथूनच सांगायला हवं. जन्म कुठला, शिक्षण किती, लग्न कधी झालं हे लिहीत बसले तर मलाच डुलकी लागेल.

आमच्या गल्लीच्या वळणावर त्यांचं दुकान आणि दुकानामागे दोन खोल्यांचं घर. खरं नाव सरकारी कागदांवर असेल. सगळं गाव त्यांना तावदानकाका म्हणतं. मी वयाने मोठी, म्हणून नुसतं 'तावदान' म्हणते, पण अहो-जाहो करते. ते मला 'बाई' म्हणतात, कारण मी मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे आणि त्यांची बायको एके काळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत असे. पुढे तिने खिडक्यावाल्याशीच लग्न केलं. म्हणजे तेवढा अभ्यास तरी कामी आला.

दुकान लांबट, बोगद्यासारखं. दोन्ही भिंतींना लाकडी घोड्यांवर काचा तिरप्या टेकवलेल्या. काच समोरून दिसत नाही, पण कडेने बघितली तर हिरवी दिसते, खोल पाण्यासारखी. वाळूत लोखंडाचा अंश असतो, त्याने तसं होतं. हे मी अनेक वर्षं फळ्यावर लिहिलेलं आहे. पण दुपारचं ऊन दारातून आत यायचं, त्या सगळ्या कडांतून गाळलं जायचं आणि मागच्या भिंतीवर हळूहळू हलायला लागायचं, तेव्हा लोखंड वगैरे डोक्यात राहत नसे. त्या उजेडात तावदान जेवणानंतर फळीवर आडवे व्हायचे. तोंड हिरवं, हात हिरवे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दारातूनच ओरडले.

"अहो तावदान, जिवंत आहात ना?"

"आहे बाई," डोळे न उघडता ते म्हणाले. "जरा खाली गेलो होतो."

कामाला बसले की त्यांना घाई म्हणून माहीत नाही. काच कापायची हिरकणी रॉकेलमध्ये बुडवायची, पट्टी धरायची, एकच रेघ ओढायची. रेशीम फाटावं तसा आवाज. मग खालून दोन टिचक्या, आणि काच ठरलेल्या जागी सुटी. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून, काच चौकटीत पक्की करायच्या लांबीचा गोळा ते स्वतः करायचे, तयार डबा त्यांना चालत नसे. काच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या आधी ती उभी धरून तिच्यातून रस्त्याकडे बघत राहायचे. मी ताटकळत उभी.

"काय बघताय एवढं?"

"आहे का बघतो."

"काय आहे का?"

"पलीकडचं."

अशा माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो. पण मी रोज जायची, कारण आमच्या गल्लीत बोलण्यासारखी जागा तेवढी एकच होती.

त्याचं असं, की अरब मुलखातल्या आमच्या देशात त्या काळात चार माणसं बोलायला लागली की पाचवा न बोलावता यायचा आणि ऐकून जायचा. काचेच्या दुकानात मात्र माणसं थांबलेली असायचीच. काच कापून होईपर्यंत दुसरं काय करणार? त्यामुळे संध्याकाळी, दुकान आवरायच्या वेळी, आम्ही तिथे जमायचो. राज्यकर्त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. त्याला आम्ही 'घरमालक' म्हणायचो. घरमालकाची तब्येत, घरमालकाचे पुतणे, घरमालक कधी घर सोडणार.

दुकानाचे नियम दोन. पहिला, कोणी उभं राहून बोलायचं नाही आणि हातवारे करायचे नाहीत, कारण चारी बाजूंना काचा. त्यामुळे देशाचं काय व्हावं यावर आम्ही वर्षानुवर्षं मांडीत हात धरून भांडलो. रागाने थरथरणारी माणसं, आवाज मात्र झोपलेल्या बाळाशेजारी बोलावं तसे.

दुसरा नियम तावदानांनी घातला, तो औषधवाल्यामुळे. औषधवाल्याचं दुकान समोरच, पंचविशी ओलांडलेला तरतरीत माणूस, जीभ कात्रीसारखी. एकदा त्याने बोलता बोलता कोपर मारलं आणि एक मोठा आरसा गेला. तावदान केरसुणीने चुरा गोळा करता करता म्हणाले, "यापुढे असं करू. ज्याला बोलायचंय त्याने आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं. समोरच्याने मान हलवली, म्हणाला हो, हेच मला म्हणायचं होतं, की मग आपलं सांगायचं. त्याने मान नाही हलवली, तर परत."

"आणि त्याने हटूनच मान हलवली नाही तर?" औषधवाल्याने विचारलं.

"तर परत. मला कुठे जायचंय?"

मी कॉलेजात वादविवादाच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले आहे. तिथे हा नियम असता तर निम्म्या ढाली कपाटातच राहिल्या असत्या. सुरुवातीला सगळ्यांच्या नाकी नऊ आले. मग सवय झाली, आणि सवय झाल्यावर एक गंमत झाली: आपण दुसऱ्याचं बोलतो तेव्हा आपला आवाज बदलतो. औषधवाला माझं म्हणणं सांगायला लागला की भुवया माझ्यासारख्या चढवायचा. मी त्याला म्हणाले, "भुवया राहू देत, मुद्दे सांग."

आता मुलाबद्दल. तावदानांना एकच मुलगा. सक्तीच्या लष्करी नोकरीत ओढला गेला आणि डोंगरापलीकडच्या लष्करी विमानतळावर इंधनाच्या टाक्यांना पहारा द्यायला उभा केला गेला. स्वभावाने बापासारखाच, संथ. कधीतरी फोन यायचा. "आई, जेवलीस का?" एवढं विचारेपर्यंत कट. काकू, म्हणजे माझी ती जुनी विद्यार्थिनी, तो फोन हातात धरून पुढचं वाक्य ऐकू येत असल्यासारख्या उभ्या राहायच्या.

औषधवाल्याचा धाकटा भाऊ दुसरीकडे. राजधानीत मोर्चात सापडला, तुरुंगात गेला, त्यानंतर त्याची काही खबर नाही.

वसंतात देश पेटला. आमच्या गावातले घरमालकाचे अधिकारी एका सकाळी गाड्या भरून निघून गेले. गाव एकदम आमचंच झालं आणि त्याचं काय करायचं हे कोणालाच कळेना. प्रत्येक गल्लीतून एकेक माणूस घेऊन समिती बसली. आजूबाजूच्या गावांवर मात्र विमानं येऊन बॉम्ब टाकत होती, आणि ती विमानं त्याच तळावरून उडत होती, जिथे तावदानांचा मुलगा टाक्यांजवळ उभा होता. तिकडे परदेशात मोठमोठी राष्ट्रं सभा भरवून वाद घालत होती: आपली विमानं पाठवून घरमालकाचे तळ उडवावेत की नाही. रेडिओवर रोज तेच. येणार. येणार नाहीत. विचार चालू आहे.

कोणाचीही विमानं आली तरी आधी काच फुटते, आणि फुटलेली काच गोळीसारखी येते. म्हणून तावदान निघाले. छिन्नीने जुनी लांबी खरवडायची, बारीक खिळे उपटायचे, काच अलगद बाहेर घ्यायची, कोपऱ्यात खडूने घराची खूण करायची. चिकटपट्ट्या लावा, असं मी सुचवलं. "पट्टीने तुकडे मोठे पडतात, एवढंच," ते म्हणाले, आणि माझी खिडकी उघडी करून गेले. दिवस दिवस ते काचा वाहून आणत होते. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही.

त्यानंतरचं गाव मला अजून स्वप्नात असल्यासारखं आठवतं, आणि मला स्वप्नं पडत नाहीत. वारा एका घरातून शिरून तिसऱ्या घरातून बाहेर पडायचा आणि येताना पहिल्या घरातलं बोलणं घेऊन यायचा. पडदे बाहेर येऊन रस्त्यावर हात पसरायचे. चिमण्या जेवणाच्या टेबलावर. संध्याकाळी खिडक्यांतून पेटणारी तांबूस रांग नाहीशी झाली. सूर्य आमच्या गल्लीत न थांबताच जायला लागला. रस्त्यावरून चालताना शेजारून आपलं प्रतिबिंब चालत असतं हे आम्हाला कधी जाणवलं नव्हतं. ते गेलं तेव्हा माणसं एकटी दिसायला लागली. आणि तिकडे दुकानात सगळ्या गावाच्या खिडक्या एकमेकींना टेकून उभ्या. मी एकदा त्यांच्यातून डोकावले. एकामागे एक इतक्या, की शेवटी काही दिसेना, नुसती हिरवी संध्याकाळ. माझ्या घरातून दिसणारं समोरचं झाड त्यातल्या कुठल्या तरी काचेत राहिलं असेल असा एक खुळा विचार आला. मी तो झटकला.

मग समितीचा निरोप आला. गावाच्या वतीने बाहेर एक पत्र जाणार: परदेशी विमानं यावीत, की येऊ नयेत. प्रत्येक गल्लीने आपलं मत ठरवून दुसऱ्या दिवशी सकाळी कळवावं. बाहेर ते पत्र कोणी वाचेल यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आम्हाला विचारलं होतं.

त्या संध्याकाळी काचांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत आम्ही कोंबून बसलो. काकू मागच्या दारात, उंबऱ्यावर. औषधवाला विमानं यावीत म्हणणारा, तावदान येऊ नयेत म्हणणारे. नियमाप्रमाणे औषधवाल्याने आधी तावदानांची बाजू घेतली.

"काका, तुमचं म्हणणं असं. कोणी फुकट येत नाही. आज ते घरमालकाला काढतील, उद्या नवा घरमालक त्यांच्या पसंतीचा असेल. आपल्या अरब मुलखातच बघा. एका देशात बाहेरची विमानं आली, गादी कोसळली, आणि मग चौकाचौकात बंदूकवाल्यांनी आपापली राज्यं थाटली. दुसऱ्या देशात फौजा आल्या, मतदान झालं, लोकांनी शाईची बोटं दाखवत फोटो काढले, आणि मतदानाच्या खोलीबाहेर सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या त्या उभ्याच. लोकशाही ही सवय आहे, ती आकाशातून टाकता येत नाही." तो थांबला. "आणि बॉम्ब खाली कोण आहे ते विचारून पडत नाही. तळावर अधिकारी थोडे. आपलीच मुलं जास्त. बरोबर सांगितलं का?"

"माझ्यापेक्षा चांगलं," तावदान म्हणाले.

आता त्यांची पाळी. ते पट्टीवरची खडूची भुकटी बोटाने पुसत राहिले. मी म्हणाले, "तावदान, आटपा, अंधार पडेल."

"तुझं म्हणणं असं," ते औषधवाल्याकडे न बघता बोलायला लागले. "बाहेरच्यांनी आमच्यात पडू नये, हे वाक्य मुळात घरमालकाचं आहे. आत मारहाण चालू असली की दार लावून घेणारा हेच म्हणतो. आपण चौकात उभे राहिलो तेव्हा आपल्या हातात काही नव्हतं. त्यांनी गोळ्या घातल्या. जिथे बाहेरून कोणीच आलं नाही, असेही देश आहेत आपल्यात. तिथली गावं काय वसलेली राहिली? ती पण ओस पडली, फक्त सावकाश. सवय लागायला माणूस जिवंत लागतो. बुडणारा माणूस हात वर करतो तेव्हा काठावरच्याचा हेतू तपासत नाही, आणि त्याने हात वर केला म्हणून तो लाचार होत नाही." त्यांचा आवाज अगदी हळू, झोपेत बोलावं तसा. उजेड त्यांच्या गुडघ्यांवरून सरकत होता. "तुझा भाऊ आत आहे. तो जिवंत आहे की नाही हे सांगायलाही कोणी नाही. आणि रोज सकाळी त्या तळावरून विमान उडतं, भरलेलं जातं, रिकामं येतं. ते उडतं, कारण त्यात इंधन असतं. त्या इंधनाच्या टाकीला पहारा असतो. पहारा देणारा चांगला मुलगा असेल. पण टाकी भरलेली राहते." ते थांबले. "बरोबर सांगितलं का?"

औषधवाल्याला मान हलवायला वेळ लागला. हलवली तेव्हा त्याने तोंड शर्टाच्या बाहीत लपवलेलं होतं.

"आता तुमचं सांगा, काका," कोणीतरी म्हणालं.

"माझं..." तावदान म्हणाले. "माझं त्याने सांगितलंच की."

तेवढ्यात उंबऱ्यावरून काकू बोलल्या. "आमचा मुलगा आहे तिथे."

"काकू, आधी समोरच्याची बाजू..." कोणीतरी अडवलं.

"मला येते ती. रोज ऐकते, पाठ झालीय. मला सांगायची नाहीये. माझा मुलगा आहे तिथे, एवढंच सांगायचंय."

"नियम गेला चुलीत," मी म्हणाले. "तिचं झालंय बोलून. मत द्या."

हात वर करायला दुकानात मनाई, म्हणून आमचं मतदान काचेच्या तुकड्यांनी व्हायचं. कडा दगडावर घासून बोथट केलेले तुकडे: साधी काच म्हणजे हो, न्हाणीघराच्या खिडकीला असते तशी दाणेदार म्हणजे नाही. तेलाचा रिकामा डबा फिरला. मी तो पालथा केला. साधे तुकडे जास्त होते. फार नाही, पण जास्त. मी कुठला टाकला ते विचारू नका. मतदान गुप्त होतं.

निरोप न्यायचा तावदानांनी, कारण दुकान त्यांचं. सकाळी मी त्यांच्याबरोबर निघाले. समिती टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर बसायची. जिन्याखाली मी थांबले.

"तावदान, माझा गुडघा दुखतोय. तुम्ही एकटे वर जाऊन या. काय सांगितलंत ते मी विचारणार नाही. कोणीच विचारणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, काचेतून बघतात तसं. "तुमचा गुडघा उत्तम आहे, बाई. चला वर. तुम्ही असलात की मला खोटं बोलता येणार नाही."

टेबलामागे एक बस कंडक्टर बसला होता. समितीने त्याला चिटणीस केलं होतं, कारण त्याला गर्दीत उभं राहून लिहिता यायचं.

"वळणावरची गल्ली," तावदान म्हणाले. "गल्लीचं मत हो. माझं मत नाही. दोन्ही लिहा."

"काका, गल्लीला एकच जागा आहे. हो की नाही?"

"गल्लीचं हो."

"लिहिलं. पुढचे या."

"आणि नाही म्हणणारे होते, ते कुठे लिहिलंत?"

"ते हरले ना, काका. हरलेल्यांचं काय लिहायचं?"

तावदान हलेनात. मागे रांग. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला बाजूला घ्या. तावदान तसेच उभे, टोपी हातात. "घरमालकाच्या वेळेला हरलेले नसायचेच," ते म्हणाले. "सगळे त्याच्याच बाजूचे असायचे. आता आहेत. तर लिहा."

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "ते संध्याकाळपर्यंत उभे राहतील. मी ओळखते त्यांना. लिही बाबा, समासात लिही." त्याने लिहिलं. आणि मग मागच्या गल्लीवाल्यानेही म्हटलं, आमच्यातले पण नाही म्हणणारे लिहा. कंडक्टर कपाळाला हात लावून बसला.

विमानं काही आठवड्यांनी आली. आमच्या पत्रामुळे आली असं मी मुळीच म्हणणार नाही. डोंगराच्या मागे दुपारी आवाज झाला, दार लोटल्यासारखा, आणि बराच वेळ आकाशात काळा धूर उभा राहिला, जणू कोणी तिथे एक झाड लावलं होतं. काकू गच्चीवर उभ्या राहून बघत होत्या. तावदान दुकानात काचांवरची धूळ पुसत होते. एक झाली की दुसरी. मी शेजारी जाऊन बसले. फोन लागत नव्हता.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. घरमालक एका रात्रीत परदेशात पळाला. तुरुंगांची दारं उघडली. औषधवाल्याचा भाऊ परत आला. दुकानासमोर खुर्ची टाकून उन्हात बसून राहायचा, डोळे मिटून. निवडणूक जाहीर झाली. भिंतींवर चेहरे आले, इतके की आम्हाला कोण कोण ते कळेना. मुलाचा पत्ता नव्हता.

आणि एका दुपारी तो आला. चालत. दुकानाच्या दर्शनी खिडकीला तेव्हा काच नव्हती. दार सोडून तो त्या चौकटीतून पाय टाकून आत आला आणि बापाच्या फळीवर आडवा होऊन झोपला. काकू मागच्या खोलीतून बाहेर आल्या आणि त्याच्या पायाशी जमिनीवर बसल्या. पाय सुजलेले. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्याच्या तळव्याला हात लावून तशाच बसल्या, ऊन भिंतीवरून उतरून जाईपर्यंत.

उठल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला. "कोणी बोलावलं होतं त्यांना?"

"हे बघ," तावदान म्हणाले, "औषधवाल्याचं म्हणणं असं होतं, की..."

"बाबा, मला त्याची बाजू नकोय. तुम्ही काय म्हणालात?"

"मी नाही म्हणालो."

"आणि निरोप कोणी नेला?"

"मी."

त्याच्याबरोबर टाकीवर पहाऱ्याला आणखी एक मुलगा होता. दोघे कायम एकत्र. तो मेला होता. एवढं त्याने आईला सांगितलं. पुढे काही नाही.

तावदान आता घरोघर जाऊन काचा परत बसवत होते. एका मागून एक खिडक्या पुन्हा चमकायला लागल्या, पडदे आत गेले. दुकानातल्या थप्पीतून औषधवाल्याच्या काचा काढायला ते वळले तेव्हा मुलगा म्हणाला, "त्याच्या घरी काच बसवायला गेलात तर मी इथे राहणार नाही." शांतपणे म्हणाला, म्हणून खरं वाटलं.

तावदानांनी काच खाली ठेवली. मी त्यांना तेवढं म्हातारं कधी बघितलं नव्हतं. एकदा परत मिळालेला मुलगा दुसऱ्यांदा घालवायची ताकद त्यांच्यात नव्हती, आणि औषधवाल्याची उघडी खिडकी समोरच होती. थंडी पडायला लागली. औषधवाल्याने तिथे एक चादर टांगली. काच मागितली नाही.

"हा काय पोरकटपणा?" मी मुलाला म्हणाले. "तिथे तुरुंगातून आलेला आजारी माणूस झोपतो."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "दिसतो इथून."

मग एका संध्याकाळी औषधवाला दुकानात आला. निवडणुकीवर बोलायला आम्ही जमलो होतो. मुलगा मागे, काचा पुसत उभा. औषधवाला फळीच्या टोकाला बसला, हात मांडीत घेतले.

"तुझं म्हणणं असं," तो मुलाला म्हणाला. "तू स्वतःहून गेला नव्हतास. तुला नेलं. तू कोणावर गोळी झाडली नाहीस. आम्ही इथे सावलीत बसून तुझ्या डोक्यावर बॉम्ब मागितला. तुझा मित्र गेला. बरोबर सांगितलं का?"

मुलाने मान हलवली नाही. फडकं घेऊन मागे निघून गेला.

मान हलल्याशिवाय औषधवाल्याला नियमाप्रमाणे स्वतःचं बोलता येईना. तो थोडा वेळ बसून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. "तुझं म्हणणं असं..." वेगळ्या शब्दांत. मान हलली नाही. परत आला. रोज यायला लागला. दुकान बंद करून, रस्ता ओलांडून, तेच. प्रचार करणारे उमेदवार यायचे, पत्रकं वाटायचे, हात हलवायला लागले की तावदान त्यांना बाहेर काढायचे. आणि ते गेले की औषधवाला पुन्हा सुरू. माझा जीव मेटाकुटीला आला. "अरे, किती वेळा?" मी म्हणाले. "त्याला ऐकायचंच नसेल तर?"

"मागे जाऊन पुसतो खरा," औषधवाला म्हणाला, "पण दार उघडं ठेवतो."

रोज त्याच्या जिभेची कात्री बोथट होत गेली. 'आम्ही' जाऊन 'मी' आलं. मोठे शब्द गळाले. आणि ज्या दिवशी थंडीने आमची बोटं वळत नव्हती त्या दिवशी तो म्हणाला, "तुझं म्हणणं काय आहे ते मला कळत नाही. मी आपला डोळ्यांपुढे आणतो. दुपार होती. तुम्ही दोघं टाकीजवळ बसला होतात. तो झोपला होता. धूर तळावरून गावाकडे येत होता..."

"नाही," मुलगा म्हणाला.



"वारा गावाकडून होता," मुलगा म्हणाला. फडकं त्याच्या हातात तसंच. "आणि तो झोपला नव्हता. बूट शोधत होता. मी लपवले होते त्याचे बूट. रोज लपवायचो, थट्टेने. त्या दिवशी पिंपाच्या मागे ठेवले होते. विमानांचा आवाज आला तेव्हा मी पळालो. तो अनवाणी होता. खाली तापलेलं डांबर. तो पिंपाकडे गेला."

तो बाहेर येऊन फळीवर बसला, औषधवाल्याच्या शेजारी. त्याने सगळं सांगितलं. मध्येच थांबायचा, पुन्हा मागे जाऊन एखादी गोष्ट नीट करायचा: डांबर नाही, खडी, पिंप नाही, पिंपाचं झाकण. आवाज बापासारखा, हळू. काकू उंबऱ्यावर, तोंडाला ओढणी. तावदान मुलाकडे बघत होते, अजिबात न हलता. बाहेर पत्रकं रस्त्यावरून घरंगळत जात होती.

सांगून झालं. मुलाने हातातलं फडकं घडी करून ठेवलं.

"आता तुमच्या भावाचं सांगा," तो म्हणाला.

औषधवाला उठला.

"त्याचं तोच सांगेल," तो म्हणाला. "घेऊन येतो." आणि रस्ता ओलांडून भावाला आणायला गेला.